आंबिलीची बिंदगी आणि ओनिनचं युद्ध

माझी धाकटी जाऊ हसली की तिच्या डाव्या गालाला खळी पडते, आणि त्या खळीवर माझी सासू आयुष्यभर भाळली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं जपानचं, तिथल्या सरदारांचं जे काही सांगणार आहे, ते सगळं फिरून त्या खळीपाशीच येणार आहे. इतिहास शिकवणाऱ्या बाईनं असं बोलू नये, हे मला कळतं. पण इतिहास शिकवणाऱ्या बाईलाही पोट असतं आणि ते दुसऱ्याचं बघून दुखतं.

मी अर्धापूरची. केळीच्या बागांत आणि पाटाच्या पाण्यात वाढलेली, नांदेडला एम.ए. केलेली. लग्न होऊन गेले ते उदगीरच्या पलीकडं, अगदी सीमेजवळच्या गावात. घर लिंगायत, शेती बरी, शिवाय लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चुलतसासऱ्यांची अडत. घरात सगळे मराठी बोलत, पण मनातलं काही बोलायचं असलं की सासूबाई कानडीत शिरत. मला कानडी येत नव्हतं. सुरुवातीला त्याचं काही वाटलं नाही, कारण सून मी एकटीच होते आणि सासूबाईंना चुलीपाशी कानडीत बोलायला दुसरं कुणी नव्हतं. मग दिरांचं लग्न झालं आणि भालकीकडची ही मुलगी घरात आली. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दोघी चुलीपाशी बसून काहीतरी बोलल्या आणि खदखदून हसल्या. मी दारात पाण्याची घागर घेऊन उभी. "काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई गं, असंच," सासूबाई म्हणाल्या.

ते 'असंच' मला अजून पचलेलं नाही.

पण एक गोष्ट माझी होती, ती तिची होऊ शकत नव्हती. मी थोरली होते. आमच्या भागात येळवस मोठी. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडवांचे दगड मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची, आणि मग शेंगाभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली पातळ पेज. ती घरून शेतात न्यायची मातीच्या बिंदगीत, डोक्यावरून. बहुतेक घरांत ती बिंदगी घरचा गडी उचलतो. आमच्या घरात ती थोरल्या सुनेनं उचलायची. ती पुढं आणि सगळं घर तिच्या मागं. शेत येईपर्यंत तिनं तोंडातून शब्द काढायचा नाही आणि मागं वळून बघायचं नाही. सासूबाईंच्या सासूपासून हे चालत आलेलं. त्या दिवशी सासरेसुद्धा काठी टेकत माझ्या मागून येत. वर्षभर चुलीपाशी कानडी चालायचं ते मी त्या एका सकाळच्या जोरावर सोसत होते.

आमच्या घरातलं युद्ध सुरू झालं ते लातूरच्या दुकानावरून. चुलतसासऱ्यांना मूल नव्हतं. त्यांनी माझ्या नवऱ्याला लहानपणीच गंजात नेलं, तराजू शिकवला, चारचौघांत सांगितलं की माझ्या मागं दुकान ह्याचंच. आणि मग उतारवयात त्यांना मुलगा झाला. गावभर पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. त्या मुलाला मिसरूड फुटेपर्यंत कुणी काही बोललं नाही. चुलतसासरे अंथरुणाला खिळले आणि एके दिवशी त्या चुलतदिरानं माझ्या नवऱ्याला दुकानाच्या पायरीवरच विचारलं, "दादा, तुमी इथं कशापायी बसलाव?"

माझा नवरा मुखदुर्बळ माणूस. घरी येऊन जेवला, हात धुतले आणि म्हणाला, "आता कोर्टातच बगतो त्याला."

तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. उदगीरकर त्यावरून रुसलेले होते, पण रुसून जातात कुठं? कलेक्टर लातुरात, जिल्हा कोर्ट लातुरात, चांगले वकील लातुरात. आधी ज्या कामांसाठी उस्मानाबादच्या वाऱ्या कराव्या लागायच्या, ती आता हाताशी आली होती. भांडणाला एवढी सोय आमच्या भागानं कधी पाहिली नव्हती. गावोगावचे भाऊ, चुलते, पुतणे आपापली बोचकी घेऊन नव्या जिल्ह्याला भांडायला आले. आम्हीही खोली घेतली. चुलतदीर गोलाईच्या, म्हणजे बाजारपेठेतल्या गोल चौकाच्या, त्या अंगाला, आम्ही ह्या अंगाला. मला एका कॉलेजात इतिहासाची जागा मिळाली. गावी राहिले दीर, जाऊ आणि सासूबाई. सासरे त्याआधीच गेले होते. निघताना मी जावेला म्हणाले, "तू हायस म्हणून घराची काळजी न्हाई." हे अगदी मनापासून म्हणाले. इतकी शिकलेली बाई इतकी बावळट कशी असते, कुणास ठाऊक.

कॉलेजात मला जपान मिळाला. जुन्या प्राध्यापकांना तो नको होता, नावं लक्षात राहत नाहीत म्हणून. मी उन्हाळाभर टिपणं काढली. त्यातलं एक प्रकरण ओनिनच्या युद्धाचं. जपानचा शोगुन, म्हणजे सगळ्या सरदारांचा सरदार, निपुत्रिक. त्यानं मठात भिक्षू झालेल्या आपल्या धाकट्या भावाला बाहेर काढलं, वस्त्रं बदलायला लावली आणि सांगितलं की माझ्या मागं तू. भाऊ आधी तयार नव्हता, पण आला. आणि दुसऱ्याच वर्षी शोगुनच्या बायकोला मुलगा झाला.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले. कुणी आम्हाला बघून लिहिलंय की काय, असं वाटलं.

पुढचं तर आणखी छान. भावाच्या बाजूनं एक मोठा सरदार, मुलाच्या बाजूनं दुसरा, आणि ते दोघं एकमेकांचे सासरे-जावई. राजधानीत पूर्वेला एकाची छावणी, पश्चिमेला दुसऱ्याची. मधल्या गल्ल्यांत खंदक खणले. देवळं जळाली, वाडे जळाले, ग्रंथ जळाले. दोन्ही सेनापती आपापल्या छावणीत आजारानं मेले, तरी युद्ध थांबेना. कशासाठी लढतोय हे सांगणारंच कुणी उरलं नव्हतं. शोगुन तोवर बागेची आखणी करत होता. दहाएक वर्षांनी उरलेल्यांनी आपल्याच छावण्या पेटवल्या आणि घरचा रस्ता धरला. कुणी जिंकलं नाही.

मी फळ्यावर गोलाई काढली आणि म्हणाले, ही राजधानी समजा. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे आमच्याच भावकीचं हाय की." सगळा वर्ग हसला. निलंग्याच्या, औशाच्या, चाकूरच्या त्या पोरापोरींत एकही घर नसेल जिथं कोर्टाची तारीख माहीत नाही. जपान शिकवायला मला त्या वर्षी अजिबात कष्ट पडले नाहीत.

पण खरा धडा त्यानंतरचा होता. हे सरदार राजधानीत लढत होते तेव्हा त्यांच्या जहागिरी कोण बघत होतं? त्यांचे मुतालिक, म्हणजे मालकाच्या वतीनं कारभार बघणारे, आणि गावातले लहान-सहान लढवय्ये. सारा तेच गोळा करत, तंटे तेच सोडवत, पाण्याच्या पाळ्या तेच लावत. मालक परत आले तेव्हा गावानं त्यांना नमस्कार केला आणि मुतालिकाकडं बघितलं. खालच्यानं वरच्याला पालथं घालायचं, ह्याला तिकडं एक शब्दच रूढ झाला. पुढं शंभर वर्षं सगळा देश तेच करत बसला.

आणि हे सगळं मी माझ्या जावेला सांगितलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले होते. दुपारी आम्ही तिघी ओसरीत तूर निवडत बसलो होतो. त्या दोघींचं कानडी सुरू झालं आणि मला राहवेना. तुमच्याकडं तुमची भाषा असेल, माझ्याकडं जपान आहे, अशा ईर्षेनं मी सगळं प्रकरण रंगवून सांगितलं. खंदक, जळालेली देवळं, बाग आखणारा शोगुन. दोघी हातातली तूर विसरून ऐकत राहिल्या. मला फार बरं वाटलं.

"मग कोण जिकलं आखरीला?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणीच न्हाई, अव्वा. जे घरी राहिले त्यांचं झालं सगळं."

जाऊ सुपातले खडे वेचत होती. ती म्हणाली, "घर राखलं, त्यांचं झालं. मग त्यात काय चुकलं आक्का?" आणि गालाला खळी पाडून हसली.

बिचारीनं साधंच विचारलं होतं. निदान मी तसं धरून चालले. पण सापाला दूध पाजून वर मंत्रही शिकवला की काय, असं रात्रभर वाटत राहिलं. मी काही वाईट शब्द बोलले नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तिच्या भाकरी जाड होतात, असं सासूबाईंपाशी म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "मला तशाच आवडत्यात."

पहिल्या वर्षी येळवशीला मी गेले आणि बिंदगी उचलली. दुसऱ्या वर्षी नेमकी कोर्टाची तारीख पडली. त्याच्या पुढच्या वर्षी कॉलेजची परीक्षा. जावेचा निरोप यायचा, "आक्का, तुमच्या वतीनं मी उचलले. काळजी करू नका." तुमच्या वतीनं! हेच शब्द मी पोरांना मुतालिकाचा अर्थ सांगताना वापरत होते. मी नवऱ्याला म्हणाले, तारीख बदलून घ्या, मला गावी जायचंय. तो म्हणाला, "एका आंबिलीपायी तारीख बदलू?" पुरुषांना कळत नाही. एका आंबिलीपायी मी लातूर सोडलं असतं.

मग दुष्काळ पडला. लातुरात आम्हाला तो घागरींच्या रांगेतून कळत होता. गावी जाऊ त्याच्याशी समोरासमोर भिडली. जनावरं चाऱ्याच्या छावणीत तिनं पाठवली. आटलेल्या विहिरीतला गाळ तिनं उभं राहून काढून घेतला. टँकर आला की आधी खालच्या आळीत लावायचा हे तिनं ठरवलं, आणि गावानं ऐकलं. कोठीची किल्ली सासूबाईंच्या कमरेवरून तिच्या कमरेला कधी गेली, हे मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. मी सुट्टीत गेले तेव्हा साखर हवी होती, तर सासूबाई म्हणाल्या, "तिला विचार." माझी लेक तिच्या काकूच्या पाठीला लगडून फिरायची आणि लातूरला परतताना रडायची. बायका दारात येऊन "धाकल्या वैनी हायत का?" असं विचारायच्या, आणि मी समोर बसलेली असायचे.

मला हेवा वाटायचा. उगीच गोड शब्दांत गुंडाळत नाही. तिच्या रापलेल्या हातांचा, तिच्या मोडक्या मराठीचा, तिच्या शब्दाला आलेल्या वजनाचा. माझ्या अंगावर इस्त्रीची साडी, हातात घड्याळ, आणि आतून नुसता तिळपापड. कधी वाटायचं, हा दुष्काळ मला मिळाला असता तर मीही गाजवला असता. दुष्काळाचासुद्धा हेवा करणारी बाई मराठवाड्यात दुसरी नसेल.

कोर्टात निकाल असा लागलाच नाही. चुलतसासरे गेले. दुकानाला कोर्टाची बंदी आली आणि कुलूप लागलं. शेतकरी आपला माल शेजारच्या अडतीवर घालू लागले, आणि गंजात सवय एकदा मोडली की मोडली. शेवटी दोघं थकले आणि वकिलांनी समझोता करून दिला. कुलूप काढलं तेव्हा आत उंदरांनी कुरतडलेलं गोणपाट आणि गंजलेला काटा होता. माझा नवरा आणि चुलतदीर, दोघांनी मिळून शटर वर ढकललं. इतक्या वर्षांत दोघांनी मिळून केलेलं तेवढं एकच काम. मग चुलतदीर म्हणाला, "दादा, चहा घ्यायचा का?" आणि माझा नवरा त्याच्याबरोबर चहा पिऊन घरी आला.

त्या वर्षीची येळवस जवळ आली होती. मी नवऱ्याला म्हणाले, आता आपण मोकळे, आता मी जाणार. माझ्या भावानं अर्धापूरहून केळीचा घड पाठवला होता, तोही बरोबर घेतला. एस.टी.त सगळा वेळ मी मनात ती सकाळ घोळवत होते. मी पुढं, ती मागं. भज्जीचं भांडं तिच्या डोक्यावर. एवढंच मला हवं होतं. कोठीची किल्ली ठेव म्हणावं, विहीर ठेव, गाव ठेव. माझी एक सकाळ मला परत दे.

अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी पोचलो. आंबील एका रात्रीत होत नाही. पीठ आधीच ताकात घालून ठेवावं लागतं. घरात शिरल्याबरोबर तो आंबूस वास आला. मडकं चुलीशेजारी, फडकं बांधून ठेवलेलं. त्या वर्षी ताक कुठून आणलं असेल तिनं, देव जाणे. मी फडकं सोडून बघायला वाकले, तर सासूबाई म्हणाल्या, "हात लावू नको गं, ती बगतीय."

सकाळी सगळे नटून अंगणात आले. शेतात त्या वर्षी उभं पीक नव्हतं, कोपीला कडबा तिनं छावणीतून मागून आणला होता. तरी सण तो सण. बिंदगी भरून ओसरीत ठेवली होती, हळद-कुंकू लावून. मी पदर खोचून पुढं झाले. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी जावेकडं बघितलं.

त्या एका नजरेत मला सगळं जपान कळलं. घरातली वडील बाई, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि डोळ्यांत धाकट्या सुनेसाठी प्रश्न, की देऊ का हिला?

जाऊ लगेच म्हणाली, "आक्का आल्यात की अव्वा. थोरल्या त्याच हायत. त्याहींनीच उचलायची." तिनं स्वतःच्या डोक्यावरची चुंबळ काढली. हो, तिनं आधीच ठेवली होती, सवयीनं. ती माझ्या डोक्यावर नीट बसवली, दोन्ही हातांनी बिंदगी उचलली आणि माझ्यावर ठेवली. "जमतंय का?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात जरासुद्धा खोट नव्हती, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. ओरबाडून घेतली असती तर भांडता आलं असतं. तिनं दिली. जे आपलं असतं तेच माणूस देतो.

जपानातही असंच झालं होतं. परत आलेल्यांच्या पदव्या कुणी काढून घेतल्या नाहीत. त्या काढून घ्यायची कुणाला गरजच पडली नाही.

मी चालू लागले. तोंड बंद, नजर समोर. मागं सगळं घर, पोरांचा येळवशीचा कानडी घोष, भांड्यांचा आवाज. मारुतीपाशी आले आणि नेहमीसारखी चिंचेकडं वळले. चुलतदिराच्या बांधावरून आमच्या शेतात जाणारी ती जुनी वाट. लग्न झाल्यापासून मी हीच वाट चालले होते.

मागचा घोष थांबला. पावलंही थांबली. मागं बघायचं नव्हतं, म्हणून मी तशीच चालत राहिले.

"आक्का, तिकडून न्हाई!" जावेचा आवाज आला.

बांधावर बाभळीच्या काट्यांची जाड कुपाटी होती. मी शेवटची बिंदगी उचलली त्याच्या पुढच्या वर्षी चुलतदिराच्या माणसांनी वाट बंद केली होती. खटल्याच्या कागदांत हे आलं असणार, माझ्या नवऱ्यानं ते वाचलंही असणार. गावानं दुसरी वाट पाडून घेतली होती आणि ती सगळ्यांच्या पायाखालची झाली होती. माझ्याच नाही. डोक्यावर बिंदगी, समोर काटे, आणि नवी वाट कुठं आहे हे विचारायला तोंड उघडायचं नाही, अशी मी उभी.

जाऊ धावत आली. डोक्यावर भज्जीचं भांडं, मी ठरवलं होतं तसंच. तिनं माझ्या कोपराला धरून मला हळूच वळवलं, काटा लागू नये म्हणून पदर सावरला, आणि वाट दाखवायला पुढं झाली. ती पुढं, तिच्या मागं मी, माझ्या मागं सगळं घर. घोष पुन्हा सुरू झाला.

नव्या वाटेनं अर्ध्यावर आलो असू, तेव्हा मागून सासूबाई कानडीत काहीतरी मोठ्यानं म्हणाल्या, आणि पुढं चाललेली जाऊ हसली. पाठमोरी होती, तरी खळी पडली असणार हे मला दिसलं. काय झालं, हे मला विचारता आलं नाही. माझ्या डोक्यावर बिंदगी होती.